किती वाजता आजारी पडलीस?

वाई,
गुरुवार, रात्रीचे साडेदहा

चि. सईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि नंतर आईला विचारतेस, बाबा काय म्हणत होते. म्हणून लिहूनच पाठवतोय. शिरीषकाका उद्या पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघतोय, त्याच्याकडे पिशवी देतो. तीत डिजिटल थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल ६५० ची पट्टी, ओआरएसची पाकिटं आणि सुंठ आहे. सुंठ आईनं दिली, बाकीचं दुकानातलं.

तेजूला उद्या सकाळी दवाखान्यात न्यायचं, हे फोनवर सांगितलंच आहे. का न्यायचं ते इथे वाच. आणि तुला स्वतःला तिथे नंबर लावून बसायची गरज का नाही, तेही.

"रूमवर दोघींना व्हायरल झालंय," असं तू म्हणालीस. हे वाक्य मी काउंटरवर दिवसभर ऐकतो. "व्हायरलचं काहीतरी द्या." "फ्लूसारखं वाटतंय, दोन दिवसांच्या गोळ्या द्या." शिंक आली की फ्लू आणि अंग गरम झालं की व्हायरल, अशी लोकांनी वाटणी करून टाकली आहे. मी समोरच्याला उलट एकच विचारतो: किती वाजता आजारी पडलात?

पडसं झालेल्याला याचं उत्तर देता येत नाही. तो आठवत बसतो. परवा घसा खवखवत होता, नाही, तेरवाच जरा कोरडा वाटत होता, मग शिंका सुरू झाल्या, पण बरं वाटत होतं तसं. फ्लूवाला मात्र पटकन सांगतो. काल जेवून उठलो आणि हुडहुडी भरली. शेवटची बस सोडून डेपोतून निघालो, घरी पोचेपर्यंत उभं राहवेना. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मला या प्रश्नाइतका कामाचा प्रश्न दुसरा सापडला नाही, आणि डॉक्टरांच्या पुस्तकांतही फ्लूचं पहिलं लक्षण म्हणून हेच सांगितलेलं असतं, की तो अचानक येतो.

आता तुमच्या दोघींचं बघ. तुझं रविवारी संध्याकाळी सुरू झालं म्हणतेस, पण शनिवारच्या फोनवरच तुझा घसा ओढल्यासारखा वाटत होता असं आई म्हणते. सोमवारी शिंका. मंगळवारी नाक असं गळायला लागलं की रुमाल पुरेना. बुधवारी ते चोंदलं आणि आवाज बसला, आज खोकला. थोडी कणकण सोडली तर ताप नाही. एवढं सगळं होत असताना तू रोज हिंजवडीला जाऊन येत होतीस, आणि मंगळवारी मिसळ खाऊन "तिला चवच नव्हती" म्हणून मिसळवाल्याला नावंही ठेवलीस. मिसळ चांगलीच असणार, तुझं नाक बंद होतं. फ्लू झालेला माणूस मिसळीला नावं ठेवत नाही, तो मिसळीपर्यंत पोचतच नाही.

तेजूचं सगळं वेगळं आहे. बुधवारी दुपारी ती घरूनच काम करत होती. तीनची मीटिंग सुरू झाली तेव्हा ठणठणीत होती आणि संपता संपता तिचे दात वाजायला लागले. तू संध्याकाळी आलीस तर दोन पांघरुणं घेऊन मुटकुळं करून पडलेली. थर्मामीटर नाही, पण हात लावला तर चटका बसत होता म्हणालीस. डोकं, कंबर, मांड्या, सगळं ठणकतंय. बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरते. नाक मात्र जवळजवळ कोरडं. खोकला आहे, पण सुका, तोही रात्रीपासून.

नाकावरून माणसं फसतात ती इथेच. ज्याचं नाक गळतं, डोळे लाल, आवाज घोगरा, तो घरात सगळ्यात आजारी दिसतो. त्याला सगळे काढा करून देतात. आणि जो काही न बोलता पांघरुणात पडलाय त्याला "झोपू दे, दमलाय" म्हणतात. तुम्ही दोघींनीही काल तेच केलंत, फोनवर दहा मिनिटं तुझ्या नाकाबद्दल झाली आणि फोन ठेवताना तू म्हणालीस, "आणि हो, तेजूलाही बरं नाहीये."

हे असं का होतं ते थोडं सांगतो, कारण तुला कारण कळल्याशिवाय पटत नाही. पडसं आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यांतला मोठा गट ऱ्हायनोव्हायरसचा, आणि त्याचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. आज एकाचं पडसं झालं म्हणून दुसऱ्याचं होणार नाही असं नसतं. त्यामुळे त्याची लसही नाही. या ऱ्हायनोव्हायरसला नाकातलं ३३ अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान मानवतं. शरीराच्या आतल्या ३७ अंशांत तो मंदावतो, म्हणून बहुतेक वेळा नाक-घशातच घुटमळतो. फ्लूचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा विषाणू नाकापासून पार फुप्फुसांपर्यंत कुठेही वाढतो. त्याला आवरायला शरीर जी रसायनं रक्तात सोडतं त्यांनी ताप चढतो, स्नायू ठणकतात आणि माणूस आडवा होतो. म्हणजे तेजूच्या मांड्यांमध्ये विषाणू शिरलेला नाही. लढाई वर चालू आहे, तिचा ठणका खालपर्यंत येतो.

या दोन आजारांमागे एकच माणूस लागला होता, ती गोष्ट मला फार आवडते. १९३३ साली लंडनजवळच्या मिल हिलच्या प्रयोगशाळेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी माणसाचा फ्लू पहिल्यांदा पकडला. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांना तो देऊन पाहिला होता. त्यातला एक फेरेट स्मिथच्या तोंडावर शिंकला आणि स्मिथ फ्लूनं अंथरुणाला खिळला. त्या विषाणूला पुढे त्याचीच आद्याक्षरं मिळाली. अँड्र्यूज नंतर पडशाच्या मागे लागला. १९४६ पासून इंग्लंडात सॉल्सबरीला एक केंद्र चालायचं, तिथे लोक दहा दिवसांच्या फुकट सुट्टीसाठी यायचे आणि नाकात विषाणूचे थेंब घालून घ्यायचे. काही जणांना गरम पाण्याची अंघोळ घालून ओल्या कपड्यांत वारा येणाऱ्या बोळात उभं केलं. बाकीच्यांपेक्षा त्यांना जास्त सर्दी झाली नाही. हे आजीला सांगू नकोस. कात्रजला पावसात भिजलीस म्हणून तुला सर्दी झाली, असं तिनं ठरवलंय, आणि अँड्र्यूजचं काही ती ऐकून घेणार नाही.

पण माझ्या प्रश्नालाही मर्यादा आहेत. एखाद्याला फ्लू इतका सौम्य होतो की पडसंच वाटतं. कोविड तर दोन्हींची नक्कल करतो, नुसत्या लक्षणांवरून तो वेगळा काढता येत नाही. त्याला नाकातला स्वॅबच लागतो. लहान मुलांना साध्या पडशातही चांगला ताप येतो. म्हाताऱ्या माणसांचं उलटं असतं, फ्लू असून ताप फारसा नसतो, फक्त जेवण सोडतात, गुंगीत राहतात, असंबद्ध बोलतात. तेव्हा हा प्रश्न तुमच्यासारख्या मोठ्या, धडधाकट माणसांसाठी. आणि पावसाळ्यात पुण्यात तो एकटा पुरत नाही, कारण आणखी एक आजार असाच घड्याळ लावून येतो.

डेंग्यू. तोही अचानक येतो, अंगही तसंच मोडतं. म्हणून तेजूच्या बाबतीत मी "बहुतेक फ्लू" म्हणतोय, "फ्लूच" म्हणत नाही. खोकला आणि घसा असेल तर माप फ्लूकडे झुकतं. खोकला नाही, घसा नाही, डोळ्यांच्या मागे दुखतंय, मळमळतंय, दोन-तीन दिवसांनी अंगावर लालसर पुरळ, असं असेल तर डेंग्यूकडे. मनगटं आणि घोटे सुजून पाऊल टाकवत नसेल तर चिकुनगुन्या. तुमच्या इमारतीच्या मागे बांधकाम चालू आहे आणि तिथे पाणी साठलंय असं तूच मागे म्हणाली होतीस. ते उद्या डॉक्टरांना आठवणीनं सांग. ते सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि एनएस-१, म्हणजे डेंग्यूची तपासणी, करायला सांगतील तर करून घ्या; एनएस-१ ही तपासणी पहिल्या पाच दिवसांतच नीट कळते. कोणी गुडघाभर पाण्यातून चालत आलं असेल तर लेप्टोचंही, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचंही, विचारतात. तेजू कुठे पाण्यातून आली होती का, तिला विचारून ठेव.

आता उद्याच सकाळी का. तेजू लहानपणापासून दम्याचा पंप घेते. दमा, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण, पासष्टच्या वरचं वय, पाचच्या आतलं वय, या माणसांचा फ्लू फुप्फुसात उतरायची भीती जास्त. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर नावाचं औषध आहे. ते विषाणूला पेशीतून सुटून दुसरीकडे पसरू देत नाही, म्हणून सुरुवातीलाच दिलं तर उपयोग. पहिल्या ४८ तासांत सगळ्यात चांगलं. बुधवारी दुपारी तीनला ताप आला, म्हणजे शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. तास मोजता येतात ते याच प्रश्नामुळे. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही, आराम करून तो बरा होतो. तेजूला द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण दमा आहे हे तिनं पहिल्या वाक्यात सांगायला हवं. लोक दवाखान्यात सर्दीचं सगळं सांगतात आणि दम्याचं उठताना सांगतात.

हे औषध चिठ्ठीशिवाय मागू नका, कोणी देत असेल तरी घेऊ नका. ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे. आम्हाला त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं. २००९ साली तर ते आमच्यासारख्या दुकानांत नव्हतंच, सुरुवातीला फक्त सरकारी यंत्रणेकडून मिळायचं. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. ऑगस्टमध्ये पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू. त्यानंतर नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, पुण्यात जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. इथे वाईत माझ्याकडचे मास्क एका दुपारीत संपले आणि मग लोक कापराच्या वड्या मागायला लागले. नाकाला कापूर लावून फिरायचे. त्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना साधं पडसं असणार, आणि त्या गर्दीत उभं राहून काहींनी फ्लू घेतला असेल. नुसत्या शिंका येत असतील तर घरी थांबा, हे तेव्हा लोकांना कोणी नीट समजावलं असतं तर फार बरं झालं असतं.

तुम्ही तरुण आहात म्हणून फ्लू म्हणजे किरकोळ, असंही नको. आजीची सासू "मानमोडीच्या साली" असं म्हणायची, ते १९१८ साल. जूनमध्ये मुंबईत पोलीस शिपाई आजारी पडायला लागले, पावसाळा संपता संपता दुसरी लाट आली ती भयंकर. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. देशभरात एक कोटीच्या वर गेली, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची माणसं सगळ्यात जास्त. आज तसं नाही, औषधं आहेत, ऑक्सिजन आहे, लस आहे. पण घराण्यांच्या वंशावळीत त्या साली अचानक तुटलेल्या फांद्या आपल्याकडे अजून दिसतात.

आता तुम्ही घेऊन ठेवलेल्या पट्टीबद्दल. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं न विचारता ॲझिथ्रोमायसिन दिलं, तीन गोळ्यांची पट्टी. माझ्या धंद्यातल्या माणसाबद्दल मी जास्त लिहीत नाही, पण ते द्यायला नको होतं. तुझ्या पडशावर त्याचा शून्य उपयोग, तेजूच्या फ्लूवरही शून्य. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं लोकांना हेच सांगितलं होतं, की ताप-खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिक्लॅव उठसूट घेऊ नका. आपण असं खात राहतो आणि जिवाणू त्याला सरावतात. मग खरा न्यूमोनिया होतो तेव्हा ते चालत नाही. तुझा शेंबूड उद्या-परवा पिवळा, कदाचित हिरवा होईल. घाबरू नकोस, आणि त्या पट्टीकडे बघूही नकोस. तो रंग तुझ्याच पांढऱ्या पेशींचा असतो, पडशाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तो येतोच. दहा दिवस उलटले तरी कमी नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आला आणि गालाचं हाड, कपाळ दुखायला लागलं, तर मात्र दाखवायचं.

तुला औषध म्हणशील तर फार काही नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, झोप, आणि आईच्या सुंठेचा गवती चहा घालून चहा. रात्री खोकला आला तर चमचाभर मध. हळद-दूध आवडत असेल तर घे. यातल्या कशानंही पडसं एक दिवस आधी जात नाही, पण घशाला बरं वाटतं आणि तेवढ्यासाठी ते पुरेसं आहे. वाफ घ्यायची तर बादलीत उकळतं पाणी ओतून त्यावर वाकू नकोस. भाजून आलेल्या लोकांना मी इतकी मलमं दिली आहेत की वाफेचं नाव काढलं की मला तेच आठवतं. नाक मोकळं करणारे थेंब तीन दिवस, फार तर चार. पुढे घातले तर थेंब उतरले की नाक आणखी चोंदतं, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं खिशात ती बाटली घेऊन फिरणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत.

सर्दीची जी तयार गोळी मिळते तीत पॅरासिटामॉल असतंच. ती घेतलीस तर वर आणखी क्रोसिन किंवा डोलो घ्यायची नाही, हे पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. तिच्यानं झोपही येते. ती घेऊन ॲक्टिव्हा चालवायची नाही.

तेजूचं नीट लक्ष देऊन वाच. ६५० ची एक गोळी, सहा तासांच्या आत दुसरी नाही, चोवीस तासांत चारच्या वर नाही. ताप १०३ वरून १०१ वर आला तरी गोळीनं काम केलं असं समजायचं; नॉर्मलवर यायलाच हवा असा हट्ट धरून लोक डबल डोस घेतात आणि लिव्हरला मार बसतो. डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यातलं काही नको. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि काही दमेकऱ्यांचा दमाही त्यांनी उठतो. अंग थंड पाण्यानं पुसू नका, थंडी वाजून येते. साधं पाणी घ्या. पंखा चालू ठेवा. पांघरूण एक पुरे.

वहीचं एक पान घे आणि वेळ, ताप, कोणती गोळी, लघवी झाली का, असं लिहीत जा. थर्मामीटर जिभेखाली धरायचा, चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर वीस मिनिटं थांबून. काखेत लावलात तर आकडा साधारण अर्धा ते एक अंश कमी दिसतो. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, तिचा हात गार असेल तर चोळून गरम करा, आणि मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या. दवाखान्यात हे पान दाखवलंस की डॉक्टरांची पाच मिनिटं वाचतात.

आणि या गोष्टी झाल्या तर वहीत लिहीत बसायचं नाही, रिक्षा करून सरळ मोठ्या हॉस्पिटलला. पंप घेऊनही दम लागतोय, एक वाक्य पुरं बोलता येत नाही. ऑक्सिजन ९४ च्या खाली. छातीत दुखतंय. ओठ निळसर. हाक मारली तर नीट उत्तर देत नाही. दिवसभरात लघवी नाही. खोकल्यातून रक्त. ताप उतरून एखादा दिवस बरा गेला आणि पुन्हा ताप, जाड कफ. हे फार महत्त्वाचं आहे, कारण फ्लूनं वाट मोकळी केल्यावर मागून जिवाणूंचा न्यूमोनिया येतो तो असाच. आणि डेंग्यू असेल तर धोका ताप उतरताना असतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं. लोक ताप गेला म्हणून ऑफिसला निघतात, नेमकं तेव्हाच.

सगळं ठीक चाललं तर तीन-चार दिवसांत ताप जाईल. थकवा आणि खोकला मात्र दोन आठवडे राहू शकतो, त्यात काही वावगं नाही. पण ताप गेल्या दिवशी तिनं लॅपटॉप उघडायचा नाही. गोळी न घेता चोवीस तास ताप नसला, तर मग हळूहळू.

तिच्या आईला नांदेडला फोन केला का? त्या घाबरतील म्हणून सांगितलं नाही, असं करू नका. घाबरतात आणि मग बऱ्याही होतात. नंतर कळलं तर जास्त लागतं. हवं तर माझा नंबर दे त्यांना.

तू तिच्यापासून वेगळी झोप, वन बीएचकेमध्ये जमेल तेवढं. तिचा ग्लास, टॉवेल वेगळा. खिडकी उघडी ठेव, डास नकोत म्हणून जाळी लाव. तिच्याजवळ जाताना मास्क, आल्यावर साबणानं हात. फ्लू ताप यायच्या आदल्या दिवसापासून पसरत असतो आणि पुढे पाच-सात दिवस. मंगळवारच्या मिसळीला ती बरोबर होतीच. लागण झाली असेल तर एक ते चार दिवसांत कळतं. तेव्हा येत्या तीन-चार दिवसांत एखाद्या तासाला तुला एकदम हुडहुडी भरली, तर ते तुझ्या पडशाचंच पुढचं पान समजू नकोस. एकाच वेळी दोन्ही होऊ शकतं.

गणपतीला येण्याबद्दल. बुधवारी गणपती बसतात, आणि तू आली नाहीस तर मला आणि आईला चुकचुकल्यासारखं होईल, हे तुला माहीत आहे. तरीही आजी अठ्ठ्याहत्तरची, वर साखर. तिनं जूनमध्ये फ्लूची लस घेतली आहे, पण लस घेतली म्हणून काळजी संपत नाही. म्हाताऱ्या अंगात ती तितकी धरत नाही, आजार गंभीर होण्यापासून मात्र बऱ्यापैकी वाचवते. तेव्हा असं कर: तेजूचा ताप जाऊन पूर्ण दिवस झाला असेल, तिच्याजवळ कोणी असेल, आणि तुला ताप नसेल, तर मंगळवारी रात्री ये. आल्यावर चार दिवस आजीच्या खोलीत झोपायचं नाही, आरतीला तिच्या शेजारी उभं राहायचं नाही. ती रागावेल. रागावू दे. यातलं एक जरी जमणार नसेल तर पुढच्या शनिवारी ये, मोदक ठेवतो म्हणणार नाही कारण राहणार नाहीत, पण आई पुन्हा करेल.

लसीवरून आठवलं. तुम्ही दोघी दरवर्षी घेत जा, तेजूनं तर नक्कीच. बरी झाल्यावर तिनं डॉक्टरांना विचारावं. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, कोणते प्रकार घालायचे ते सांगते आणि लस नव्यानं बनते. आपल्याकडे पावसाळा आणि मग जानेवारी ते मार्च अशा दोन वेळा फ्लू वाढतो. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी घेतलेली बरी, कारण अंगात तयार व्हायला दोन आठवडे लागतात. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. लसीनं फ्लू झाला असं लोक सांगतात, पण इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो. आणि तिनं पडसं थांबत नाही. लस घेऊन सर्दी झाली म्हणून माझ्याशी भांडायला येणारे दरवर्षी दोन-चार असतात.

शिरीषकाका साधारण नऊपर्यंत स्वारगेटला पोचेल. दवाखाना दहाला उघडतो म्हणालीस, तेव्हा पिशवी तिथूनच उचलून तेजूला घेऊन जा. निघायच्या आधी तिचा ताप बघायचा राहिला तरी चालेल, दवाखान्यात बघतीलच. रिपोर्ट आले की फोटो पाठव. प्लेटलेट्सचा आकडा बघून तुम्ही दोघींनीच इंटरनेटवर काही वाचत बसू नका.

तुझा,
बाबा

ता. क. ॲझिथ्रोमायसिनची पट्टी कापली नसेल आणि बिल असेल तर दुकानदाराला परत देऊन बघ, बहुतेक घेईल. घेतली नाही तर फेकू नकोस आणि घरात कुणाला वाटूही नकोस, इथे येशील तेव्हा घेऊन ये. आणि थर्मामीटरचं बिल पिशवीत आहे ते तुझ्यासाठी नाही, वॉरंटीसाठी आहे, जपून ठेव.